मौनात आपण कोणापुढे बसतो?

(अभ्यासपाठ : ख्रिस्ती ध्यानप्रार्थना आणि तिच्याविषयीचा वाद)



गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या टेबलावर दोन चिठ्ठ्या आल्या. पहिली चिठ्ठी एका ज्येष्ठ भगिनीची होती. तिचा मजकूर थोडक्यात असा : "फादर, गुरुवारी संध्याकाळी पॅरिश हॉलमध्ये काही मंडळी मांडी घालून, डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देत बसतात. ही आपली प्रार्थना नव्हे. मन रिकामे केले की त्यात कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. हे बंद करा, नाहीतर मी कौन्सिलच्या बैठकीत विषय काढीन."

दुसरी चिठ्ठी एका तरुणाची. तो लिहितो : "फादर, मी इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आलो. आयुष्यात पहिल्यांदा मन शांत झाले. आपल्या मिस्सात नुसते बोलणे आणि गाणे, उठणे आणि बसणे. मग मी दर रविवारी चर्चमध्ये कशासाठी यावे?"

दोन्ही चिठ्ठ्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. लिहिणारी दोघेही प्रामाणिक आहेत. एकीला आपली श्रद्धा हातची जाईल अशी भीती वाटते, तर दुसऱ्याला आपल्या श्रद्धेत काही मिळेनासे झाले आहे. दोघांनाही व्यासपीठावरून पाच मिनिटांत उत्तर देणे बरोबर झाले नसते. म्हणून हा पाठ लिहीत आहोत. लघु ख्रिस्ती समूहांनी तो एकत्र वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी ही विनंती.

१. ध्यानप्रार्थना म्हणजे काय?

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ प्रार्थनेचे तीन मार्ग सांगतो. पहिली मुखाने म्हणण्याची प्रार्थना. रोझरी, नोव्हेना, जेवणापूर्वीची प्रार्थना या सर्व त्यात आल्या. दुसरे मनन. शुभवर्तमानातील एखादा प्रसंग वाचावा, तो डोळ्यांपुढे आणावा, प्रभू आपल्याला काय सांगतो याचा विचार करावा. तिसरे ध्यान. इथे शब्द कमी होतात, विचारही कमी होतात आणि मनुष्य केवळ प्रभूच्या सहवासात राहतो.

हे तिसरे समजायला कठीण वाटते, पण आपल्या चाळींमध्ये त्याचे उदाहरण रोज दिसते. संध्याकाळी गॅलरीत एक म्हातारे जोडपे बसलेले असते. पन्नास वर्षांचा संसार झालेला. अर्धा तास दोघे एक शब्द बोलत नाहीत, पण त्यांपैकी कोणी एकटे नसते. फ्रान्समधील आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांच्या काळातील एका शेतकऱ्याची गोष्ट धर्मशिक्षण ग्रंथात दिली आहे. तो पवित्र साक्रामेंतापुढे तासन् तास गप्प बसे. काय करतोस असे विचारल्यावर त्याने एवढेच सांगितले की, मी प्रभूकडे पाहतो आणि प्रभू माझ्याकडे पाहतो. तो शेतकरी कोणतेही शिबिर करून आलेला नव्हता.

मग वाद कशाचा? वाद मुख्यतः पद्धतींचा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ट्रॅपिस्ट मठवासी थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेंटरिंग प्रेयर' नावाची पद्धत रुजवली. एक पवित्र शब्द निवडायचा आणि मन भटकले की त्या शब्दाकडे परत यायचे. बेनेडिक्टाइन संघाचे फादर जॉन मेन (१९२६-१९८२) यांना अशाच तऱ्हेची जपसाधना मलायात एका हिंदू स्वामींकडून प्रथम समजली. पुढे त्यांनी तिचे मूळ ख्रिस्तसभेच्या प्राचीन वनवासी साधूंच्या शिकवणुकीत शोधले आणि 'मारानाथा', म्हणजे 'प्रभू, ये', या अरामी शब्दाचा जप शिकवला. या पद्धती जगभर पसरल्या. त्याचबरोबर कॅथोलिक आणि प्रॉटेस्टंट, दोन्हीकडून आक्षेपही आले. हे मन रिकामे करणे आहे, ही व्यर्थ बडबड आहे, ही दुसऱ्या धर्मांची आयात आहे, असे ते तीन मुख्य आक्षेप.

२. हा वाद आपल्याच घरचा आहे

ही सर्व परदेशातील भानगड आहे असे कोणी समजू नये. या वादातील एक प्रमुख व्यक्ती आपल्या मुंबईचीच होती. फादर अँथनी डिमेलो यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत झाला. १९४७ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १९६१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' ही संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ साली त्यांचे 'साधना' हे पुस्तक गुजरातेतील आणंद येथून प्रसिद्ध झाले. श्वासाकडे लक्ष देणे, शरीरातील संवेदना जाणणे, आवाज ऐकत शांत होणे आणि तेथून प्रभूकडे वळणे, असे साधे अभ्यास त्यात आहेत. देशोदेशींच्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी ते पुस्तक वापरले. २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे फादरांचे अकस्मात निधन झाले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ या तारखेचे एक सूचनापत्र व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने काढले. मंडळाचे प्रमुख होते कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट. त्या वर्षी आम्ही सेमिनरीत नुकतेच पाऊल ठेवले होते. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणाले, रोमला पूर्वेकडचे काही कळत नाही. कोणी म्हणाले, बरे झाले, आधीच व्हायला हवे होते. खेदाची गोष्ट अशी की, वाद घालणाऱ्या आम्हां बहुतेकांनी ते पत्र नीट वाचलेच नव्हते.

पुढे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना ते वाचले आणि लक्षात आले की ते पत्र दोन गोष्टी सांगते. पहिली, फादर डिमेलो यांच्या सुरुवातीच्या लिखाणावर बौद्ध आणि ताओ विचारांची छाया असली, तरी ते साधारणपणे ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे. दुसरी, नंतरच्या लिखाणात ते ख्रिस्ती श्रद्धेच्या मूळ गाभ्यापासून हळूहळू दूर जातात. परमेश्वर हा जणू नामरूपाच्या पलीकडची नुसती पोकळी बनतो आणि प्रभू येशू अनेक गुरूंपैकी एक गुरू ठरतो. म्हणजे श्वास घेण्याला किंवा मांडी घालण्याला हरकत घेतली नव्हती. हरकत होती ती ज्याच्यापुढे बसायचे तोच नाहीसा होण्याला. त्या पत्रानंतर त्यांच्या पुस्तकांत एक टीप छापली जाऊ लागली. ही पुस्तके अनेक धर्मांच्या लोकांमध्ये, त्यांच्या शोधाला मदत म्हणून लिहिली गेली, ती कॅथोलिक सिद्धांताची पाठ्यपुस्तके नव्हेत, असा तिचा आशय आहे.

दुसरे उदाहरण आपल्या दक्षिण मुंबईचे. सोफिया कॉलेज आपल्याला ठाऊक आहे. सिस्टर वंदना आणि तेथे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर सारा ग्रांट, या सेक्रेड हार्ट संघाच्या धर्मभगिनी पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेल्या. हा आश्रम अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२७ साली पुण्यात उभारला होता. १९७२ पासून तेथे अँग्लिकन आणि कॅथोलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. मौन, साधे भोजन, जमिनीवर बसून प्रार्थना, भारतीय धर्मग्रंथांचे वाचन असा तेथला दिनक्रम होता. काहींना तो आदर्श वाटला, काहींना खटकला. थोडक्यात, आपल्या पॅरिश हॉलमधील भांडण काही पहिलेच नाही.

३. गिरगावच्या चर्चचे नाव काय सांगते?

आता थोडे मागे जाऊ. गिरगावात संत तेरेजाचे चर्च आहे. आपल्यापैकी अनेकांची लग्ने आणि बाप्तिस्मे तेथे झाले असतील. हे चर्च अठराव्या शतकात स्थापन झाले. त्या काळी लिझ्यूची लहान तेरेजा जन्मालाही आली नव्हती. म्हणजे ही संत तेरेजा आविलाची, स्पेनमधील कार्मेल संघाची सुधारक. तिचे नाव मुंबईत कसे आले? १७२० साली ब्रिटिश अंमलदारांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबई बेटावरून घालवले आणि इथल्या कॅथोलिकांची जबाबदारी कार्मेल संघाच्या धर्मगुरूंकडे आली. ते शंभराहून अधिक वर्षे इथे होते. ज्या संघाने जगाला ध्यानप्रार्थनेचे सर्वांत मोठे शिक्षक दिले, त्याच संघाने आपल्या पूर्वजांना सांभाळले. तेव्हा ध्यान ही आपल्याकडे काल-परवा आलेली वस्तू आहे असे म्हणता येत नाही.

संत तेरेजाला (१५१५-१५८२) हाच वाद सोसावा लागला. तिच्या काळात स्पेनमध्ये अंतर्मुख प्रार्थनेकडे संशयाने पाहिले जाई. १५५९ साली इन्क्विझिशनने लोकभाषेतील अनेक आध्यात्मिक पुस्तकांवर बंदी घातली. तिचे स्वतःचे आत्मचरित्रही चौकशीसाठी गेले. तिचा सहकारी संत योहान, म्हणजे क्रुसाचा योहान, याला तर १५७७ साली त्याच्याच संघबंधूंनी टोलेडो येथे कोंडून ठेवले. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाती यालाही १५२७ साली आल्काला आणि सालामांका येथे लोकांना प्रार्थना शिकवल्याच्या संशयावरून तुरुंगात बसावे लागले होते. आज आपण या तिघांनाही संत म्हणतो. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. म्हणून कोणी डोळे मिटून बसला की लगेच त्याला पाखंडी ठरवण्याची घाई करू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. तेरेजाने आत्मचरित्रात आपली एक चूक कबूल केली आहे. वरच्या पायरीवर जायचे तर शरीराचे, रूपाचे सर्व विचार सोडावेत, अगदी ख्रिस्ताच्या मानवी रूपाचाही विचार सोडावा, असे काही पुस्तकांत तिने वाचले आणि काही काळ तसे केले. नंतर तिला त्याचा फार पश्चात्ताप झाला. मनुष्य झालेला, थकलेला, क्रुसावर मेलेला येशू वगळून पुढे जाण्याचा कोणताही मार्ग नाही, असे तिने ठामपणे लिहून ठेवले. म्हणजे ध्यानाची सर्वांत मोठी शिक्षिकाच ध्यानाच्या सर्वांत मोठ्या धोक्याचा इशारा देते. व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना लिहिलेल्या पत्रावर १५ ऑक्टोबर १९८९ ही तारीख आहे. तो तेरेजाचाच सण.

४. आक्षेप तपासून पाहू

आता ज्येष्ठ भगिनीच्या चिठ्ठीकडे येऊ.

पहिला आक्षेप, मन रिकामे करण्याचा. लूकच्या अकराव्या अध्यायात प्रभू झाडून ठेवलेल्या रिकाम्या घराची गोष्ट सांगतो. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. ही भीती निराधार नाही. पण त्या गोष्टीत दोष झाडण्याचा नाही, घर रिकामे ठेवण्याचा आहे. पाहुणा यायचा असेल तर आपण खोली झाडतोच. ख्रिस्ती मौन हे पाहुण्यासाठी आवरलेले घर आहे. पाहुणाच बोलावायचा नसेल, तर मात्र भगिनीचा इशारा खरा ठरतो.

दुसरा आक्षेप, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्याचा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने व्यर्थ बडबडीला मनाई केली आहे. पण त्याच मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात, गेथशेमनी बागेत, प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली असे लिहिले आहे. तेव्हा मनाई शब्द पुन्हा म्हणण्याला नाही. शब्दांच्या संख्येने देवावर दबाव आणता येतो या समजुतीला आहे. आणि रोझरी म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हा आक्षेप घेताना जरा जपून राहावे!

तिसरा आक्षेप, श्वास आणि मांडी दुसऱ्या धर्मांच्या आहेत हा. श्वास कोणत्याही धर्माच्या मालकीचा नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मातीच्या माणसात श्वास फुंकतो. योहानच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांवर फुंकर घालून पवित्र आत्मा देतो. संत इग्नातीने आपल्या 'आध्यात्मिक साधने'त प्रार्थनेची एक पद्धत अशी दिली आहे की, प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर मनात म्हणावा. हे पुस्तक १५४८ साली पोपमहोदयांनी मंजूर केले. पूर्वेकडील ख्रिस्ती मठवासी येशूचे नाव घेऊन दयेची याचना श्वासाच्या लयीत करीत आले आहेत आणि १९८९ च्या पत्रात या प्रार्थनेचा आदराने उल्लेख आहे. राहिली मांडी. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांनी मागितलेले उपासनेतील बारा बदल मान्य केले. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, पंचांग प्रणाम हे त्यांत आहेत. चारशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. ओवी ख्रिस्ती नव्हती. कथा ख्रिस्ताची होती म्हणून ते 'ख्रिस्तपुराण' झाले.

१९८९ च्या पत्राचा निष्कर्षही साधारण असाच आहे. दुसऱ्या धर्मांतील पद्धती केवळ त्या ख्रिस्ती नाहीत म्हणून टाकून देऊ नयेत. त्यांतील उपयुक्त ते घ्यावे, मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळले जाऊ देऊ नये.

५. शांतता म्हणजे कृपा नव्हे

आता त्या तरुण बंधूकडे वळू. बाळा, तुला मिळालेल्या शांततेची आम्ही चेष्टा करणार नाही. तू परळच्या एका खोलीत पाच माणसांत राहतोस, दोन गाड्या बदलून कामावर जातोस, रात्री टीव्हीच्या आवाजात झोपतोस. दहा दिवस कोणी बोलले नाही, फोन वाजला नाही, हे केवढे मोठे सुख! गोएंका गुरुजींनी भारतातले पहिले विपश्यना शिबिर जुलै १९६९ मध्ये आपल्या मुंबईतच घेतले होते. त्यांच्या साधकांची शिस्त आणि प्रामाणिकपणा यांविषयी आमच्या मनात आदर आहे.

पण एक फरक तुला दिसला असेल. त्या शिबिरात श्वास आणि संवेदना यांचे निरीक्षण करायचे असते, कोणाला हाक मारायची नसते. शिबिर चालू असेपर्यंत जपमाळ, मंत्र आणि इतर प्रार्थना बाजूला ठेवाव्यात असा तिथला नियमच आहे. तो नियम त्यांच्या मार्गाला धरून आहे. आपली प्रार्थना मात्र हाकेनेच सुरू होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'मी'विषयी पुष्कळ वाचले. तो 'मी' कितीही शांत झाला तरी तो एकटाच असतो. प्रार्थनेत दोघे असतात. आणि मिस्सात तर आपण सगळेच असतो, रडणाऱ्या मुलांसकट आणि बेसूर गाणाऱ्यांसकट.

१९८९ च्या पत्रात आणखी एक इशारा आहे. काही शारीरिक क्रियांनी आपोआप स्वस्थता वाटते. त्या स्वस्थतेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही मोठी चूक आहे. ही चूक जुनी आहे. चौथ्या शतकात मेस्सालियन नावाच्या पंथाचे लोक प्रार्थनेत जाणवणाऱ्या अनुभवालाच देवाची कृपा समजत. ख्रिस्तसभेने ती शिकवण नाकारली. ज्याला काहीच जाणवत नाही, पण जो श्रद्धेने प्रभूपुढे टिकून राहतो, त्याची प्रार्थना कमी प्रतीची नसते.

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. ती इथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पंधरा-एक वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. पहाटे साडेपाचला उठून एक तास ध्यानाला बसण्याचा नेम होता. त्या नेमाचा आम्हांला अभिमानही होता. एका पहाटे खाली फाटकाशी एका बाईचा आवाज आला. तिचा नवरा इस्पितळात अत्यवस्थ होता आणि आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी तिला धर्मगुरू हवे होते. वॉचमनने सांगितले, "फादर ध्यानाला बसले आहेत, थोडे थांबा." आम्ही ते ऐकले. उठलो नाही. मन इतके शांत होते की, तो आवाज आम्ही श्वासाबरोबर सोडून दिला, जसे शिकलो होतो तसे. तास पुरा करून आम्ही तेल घेऊन निघालो. इस्पितळात पोहोचलो तेव्हा तो माणूस गेलेला होता. ती बाई आम्हांला काहीही बोलली नाही. फक्त म्हणाली, "फादर, त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

त्या दिवसापासून आम्ही ध्यान सोडले नाही. पण डोळे मिटण्यापूर्वी दार उघडे ठेवतो. संत विन्सेंट डी पॉल आपल्या धर्मभगिनींना शिकवत की, प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर उठून जावे. तसे करणे म्हणजे देवाला देवासाठीच सोडणे होय. हे वाक्य आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. समजले मात्र त्या इस्पितळात.

६. चार कसोट्या

मग कोणती पद्धत ठीक आणि कोणती नाही हे ओळखायचे कसे? संत पौल थेस्सलनीकाकरांस सांगतो की, सर्व पारखून पाहा आणि चांगले ते धरून ठेवा. पारखण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला, इथे मी कोणापुढे बसलो आहे? उत्तर 'माझ्या श्वासापुढे' किंवा 'शांततेपुढे' असे असेल, तर तो व्यायाम आहे. व्यायाम वाईट नाही, पण ती प्रार्थना नाही.

दुसरा, इथे प्रभू येशू वाटेवरचा दगड झाला आहे की वाट? काही काळाने त्याला मागे टाकून पुढे जायचे आहे असे कोणी शिकवीत असेल, तर तेथून उठावे.

तिसरा, यामुळे मला रविवारच्या मिस्साची आणि शुभवर्तमानाची ओढ वाढते की कमी होते?

चौथा, घरचे काय म्हणतात? ध्यानाला बसू लागल्यापासून मी बायकोवर कमी ओरडतो का? शेजाऱ्याशी सहा वर्षे अबोला आहे, तो सुटला का? आजाऱ्याच्या हाकेला मी उठतो का?

या कसोट्या रोझरीलाही लागू आहेत, नोव्हेनालाही आणि करिस्मॅटिक सभेलाही. पन्नास मणी ओढून झाल्यावर जिन्यात भांडणारा आणि तासभर ध्यान करून दार न उघडणारा, दोघेही एकाच बाकावर बसलेले आहेत.

७. आपल्या धर्मग्रामाने काय करायचे?

पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही असे ठरवले आहे. गुरुवारची अर्ध्या तासाची ध्यानप्रार्थना बंद होणार नाही. पण ती हॉलमधून चर्चमध्ये, पवित्र साक्रामेंतापुढे येईल. सुरुवातीला येत्या रविवारच्या शुभवर्तमानातील उतारा सावकाश दोनदा वाचला जाईल. त्यानंतर वीस मिनिटे मौन. ज्यांना जमिनीवर बसायचे त्यांनी सतरंजीवर बसावे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाकावर. मन भटकले तर प्रभूचे नाव श्वासाबरोबर हळूच मनात घ्यावे आणि परत यावे. दहा वेळा भटकले तर दहा वेळा परत यावे. तेवढे परत येणे हीच प्रार्थना. शेवटी धर्मग्रामातील आजाऱ्यांची नावे वाचली जातील आणि त्यांपैकी एकाच्या घरी त्याच आठवड्यात जाण्याची जबाबदारी कोणीतरी घेईल. चर्चचे मोठे दार त्या अर्ध्या तासात उघडे राहील. लालबागचा रस्ता ऐकू येईल, सणासुदीला ढोलही ऐकू येतील. येऊ देत. मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू पहाटे एकांतात जातो, पण शिष्य शोधत आले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गावांकडे निघतो.

ज्येष्ठ भगिनीला आमची विनंती आहे की, एका गुरुवारी येऊन मागच्या बाकावर रोझरी घेऊन बसावे. काही खटकले तर आम्हांला सांगावे, आम्ही ऐकू. तरुण बंधूला विनंती आहे की, तुझ्या शांततेची आम्हांला गरज आहे, ती घेऊन ये. आपल्या मिस्सात मौनाच्या जागा आहेत. प्रवचनानंतर आणि कम्युनियननंतर आपणच त्या घाईने भरून टाकतो. हा दोष आमचा आहे. येत्या रविवारपासून कम्युनियननंतर दोन मिनिटे गायनमंडळ थांबेल आणि आम्हीही थांबू. त्या दोन मिनिटांत काय करायचे ते तू आम्हांला शिकव.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. मुखाने म्हणण्याची प्रार्थना, मनन आणि ध्यान यांपैकी मला कोणती सवयीची आहे? कोणती मी कधीच केलेली नाही?

२. लूक १०:३८-४२ वाचा. आपल्या घरात मार्था आणि मरिया यांचे भांडण कसे होते?

३. शेजारी हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम बांधवांच्या प्रार्थनेतील कोणती गोष्ट पाहून मला स्वतःच्या प्रार्थनेची लाज वाटली आहे?

४. या महिन्यात कोणाच्या हाकेला मी उठलो नाही?

प्रार्थना

प्रभू येशू, आमच्या खोल्या लहान आहेत आणि आवाज फार आहेत. बसायला जागा नाही असे आम्ही म्हणतो, पण तू गोठ्यातही जागा करून घेतलीस. आम्हांला तुझ्यापुढे गप्प बसायला शिकव आणि दारावर थाप पडली की उठायलाही शिकव. जे मुखाने तुझे नाव घेतात आणि जे मौनात तुझी वाट पाहतात, त्या आम्हां सर्वांना एकाच मेजाभोवती एकत्र ठेव. आमेन.

तुमचा धर्मगुरू